तिळाएवढ्या ग्रंथीतली गाठ : जनुक बदललेल्या उंदरांवर पिट्युटरीचं काम सुरू करताना

उंदराची पिट्युटरी तिळाच्या दाण्याएवढी असते. वजन जेमतेम दोन मिलिग्रॅम. शाळेच्या पुस्तकात जिला पियुषिका ग्रंथी म्हणतात, तीच ही. माणसात ती हरभऱ्याएवढी असते आणि तिच्यात गाठी होणं काही दुर्मीळ नाही. शवविच्छेदनं आणि स्कॅन यांचे अहवाल एकत्र करून पाहिले, तर सहापैकी एका माणसात लहानमोठी गाठ सापडते. बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. ज्यांना त्रास होतो, त्यांचे हातपाय वाढत जातात, पाळी थांबते, चेहरा सुजतो किंवा नजर कमी होते. या गाठी क्वचितच पसरतात, पण त्या जागच्या जागी माणसाला पुरून उरतात.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या पेशी डिशमध्ये फार दिवस तगत नाहीत. प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं ज्या पेशी वाढवल्या जातात, त्यातली एटीटी-२० उंदराची आणि जीएच-३ रॅटची, म्हणजे उंदराच्या थोराड चुलतभावाची. गाठ सुरू कशी होते हे बघायचं तर गाठ होण्याआधीची ग्रंथी हवी, आणि ती माणसाकडून कोण देणार? म्हणून उंदीर.

हा लेख नुकतंच पीएचडीला लागलेल्यांसाठी आणि गाइडने ‘यावर काम कर’ सांगून हातात दोन पिंजरे दिलेल्यांसाठी आहे. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘मला पिट्युटरी ट्यूमरचा अभ्यास करायचा आहे’ हा प्रश्न नाही. ‘वाढीचं संप्रेरक करणाऱ्या पेशींमध्ये एआयपी जनुकाची एक प्रत गेली तर गाठीच्या आधी काय बदलतं?’ हा प्रश्न आहे. दुसऱ्या वाक्यात पेशी कोणती ते आहे, जनुक कोणतं ते आहे आणि वेळ कोणती तेही आहे. या तिन्हींपैकी एक जरी रिकामं राहिलं, तरी वर्षभराने तुमच्याकडे गाठी असतील आणि त्यांचं करायचं काय ते कळणार नाही. डोंगर पोखरून उंदीर निघण्यापेक्षा वाईट म्हणजे उंदीर पोखरून काहीच न निघणं.

पेशी कोणती, यावर जरा थांबू. पिट्युटरीचे तीन खंड. पुढच्या खंडात पाच प्रकारच्या संप्रेरक-पेशी असतात : वाढीचं संप्रेरक, दुधासाठीचं प्रोलॅक्टिन, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींना हाकणारं एसीटीएच, थायरॉइडला हाकणारं टीएसएच आणि बीजग्रंथींना हाकणारी एलएच-एफएसएच ही जोडी. मागचा खंड म्हणजे मेंदूतून उतरलेल्या चेतातंतूंची टोकं. या दोघांच्या मध्ये एक पातळ पट्टी असते, तो मधला खंड. त्यात मेलॅनोट्रोफ नावाच्या पेशी असतात.

प्रौढ माणसात हा मधला खंड जवळपास नाहीसा झालेला असतो. उंदरात तो धडधाकट असतो. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसवा, कारण या क्षेत्रातले निम्मे गोंधळ तिथूनच निघतात.

पायरी २ : उंदीर निवडा, पण त्याची कुंडली बघून

सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे आरबी-१ या पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाची एक प्रत गमावलेला उंदीर. १९९२ मध्ये तीन गटांनी एकाच वेळी ‘नेचर’मध्ये तो जाहीर केला. सगळ्यांची अपेक्षा अशी, की माणसाच्या मुलांत या जनुकाने डोळ्याचा कर्करोग होतो, तर उंदरालाही तोच होईल. झालं भलतंच. डोळे ठणठणीत राहिले आणि पिट्युटरीत गाठी आल्या. दोन्ही प्रती गेलेली पिल्लं जन्माआधीच, गर्भावस्थेच्या मध्यावर मरतात. एक प्रत असलेली व्यवस्थित जन्मतात, वाढतात, पण पिट्युटरीतली एखादी पेशी दुसरी प्रतही गमावते आणि तिथून गाठ धरते. साधारण वर्षाच्या आत बहुतेक उंदीर याच गाठीने जातात. सोबत थायरॉइडमध्येही गाठी सापडतात, त्या विसरू नका.

आता गंमत बघा. या गाठी येतात मधल्या खंडात. म्हणजे माणसात जो खंड उरलेलाच नाही, तिथे. मग हा उंदीर निरुपयोगी का? मुळीच नाही. एखादी पेशी वाढीचा लगाम कसा सोडते, दुसरी प्रत जाण्याआधी आणि गेल्यावर काय होतं, हे बघायला याच्याइतकी वेळेवर गाठ देणारा उंदीर क्वचित मिळतो. पण ‘कुशिंगचं मॉडेल’ (कुशिंग म्हणजे पुढच्या खंडातल्या एसीटीएच ओतणाऱ्या गाठीचा आजार) म्हणून याला कागदावर चढवलंत, तर पहिलाच परीक्षक कान पकडेल.

पी-२७ नॉकआउट, म्हणजे पी-२७ हे जनुक पूर्ण काढून टाकलेला उंदीर, हा त्याचा चुलतभाऊ. १९९६ मध्ये तोही तीन गटांनी मिळून ‘सेल’मध्ये मांडला. हा उंदीर भावंडांपेक्षा ठळकपणे मोठा होतो. नवखा माणूस बघताक्षणी म्हणतो, ‘पिट्युटरीत गाठ, अंगाने मोठा, म्हणजे वाढीचं संप्रेरक जास्त!’ रक्त तपासलं तर वाढीचं संप्रेरक आणि त्याच्या हुकमाने तयार होणारं आयजीएफ-१ वाढलेले नाहीत. प्रत्येक अवयवात पेशीच जास्त झाल्या आहेत, आणि गाठ इथेही मधल्या खंडातलीच. या जनुकाचा माणसाशी धागा बराच नंतर, २००६ मध्ये, एका रॅटच्या वाणामुळे जुळला. त्यातून मेन-४ नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार ओळखला गेला. पी-१८ हे जनुकही सोबत काढून टाकलं, तर गाठी तीन महिन्यांतच येतात. घाई असलेल्यांना हा जोड-नॉकआउट फार आवडतो. त्याचा हिशोब पायरी ४ मध्ये.

प्रोलॅक्टिनच्या गाठींसाठी डोपामिनचा संदेश पकडणाऱ्या डी-२ रिसेप्टरचा नॉकआउट घ्या. प्रोलॅक्टिन करणाऱ्या पेशींवर मेंदूतून येणारं डोपामिन सतत ब्रेक दाबून असतं. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन ही गोळ्यांची नावं ज्यांनी ऐकली असतील, त्यांना हे माहीत असेल, ती औषधं हाच ब्रेक दाबतात. १९९७ मध्ये या रिसेप्टरशिवायचे उंदीर केले, तेव्हा आधी पेशी नुसत्या दाटल्या आणि खऱ्या गाठी दिसल्या त्या म्हाताऱ्या माद्यांमध्ये, दीड वर्षाच्या आसपास. तेव्हा फेलोशिप किती वर्षांची आहे ते आधी बघा.

मेन-१ या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची एक प्रत काढलेले उंदीर २००१ मध्ये आले. त्यांच्यात पिट्युटरी, स्वादुपिंड आणि पॅराथायरॉइड अशा तिन्ही ठिकाणी गाठी होतात, माणसाच्या आजारासारख्याच. आजाराशी साम्य हवं असेल तर हा उत्तम. तोटा असा, की उंदीर नक्की कशाने गेला, पिट्युटरीने की इन्शुलिन ओतणाऱ्या गाठीने, हे दर वेळी सोडवत बसावं लागतं.

एआयपीची गोष्ट फिनलंडमधली. तिथल्या कुटुंबांवरून २००६ मध्ये हे जनुक सापडलं, आणि २०१० मध्ये एक प्रत काढलेल्या उंदरांत पंधरा महिन्यांपर्यंत झाडून सगळ्यांना गाठी झाल्याचं छापून आलं, बहुतेक वाढीच्या संप्रेरकाच्या. वाचून हुरूप येतो. पुढे दुसऱ्या एका गटाने १२ महिन्यांपर्यंतच्या नरांमध्ये पाहिलं, तर चित्र बरंच सौम्य होतं. कोण चूक, असा वाद घालू नका. वाण, लिंग, वय, खाणंपिणं, जनुक नक्की कुठे कापलं, यातलं काहीही बदललं की उंदीर वेगळा वागतो. तुमच्या ॲनिमल हाउसमधला उंदीर पेपरातल्यासारखा वागेल असं गृहीत धरण्याऐवजी आठ-दहा जणांची छोटी तुकडी आधी वाढवून बघा.

काही उंदरांमध्ये पिट्युटरीचं जनुक न बदलता तिला बाहेरून चाबूक मारला जातो. जीएचआरएच हे हायपोथॅलॅमसचं संप्रेरक बेसुमार तयार करणारे उंदीर १९८० च्या दशकातच झाले. त्यांची पिट्युटरी आधी नुसती फुगते आणि मग तिच्यात गाठी धरतात. ‘वाढ कुठे संपते आणि गाठ कुठे सुरू होते’ हा प्रश्न असेल, तर याच्यासारखा शिक्षक नाही.

लहान मुलांतली क्रेनिओफॅरिंजिओमा ही गाठ म्हणजे पिट्युटरीचा ॲडिनोमा (आतापर्यंत बोललो ती ग्रंथी-पेशींची गाठ) नव्हे, पण ती शेजारीच राहते. बीटा-कॅटेनिन जनुक कायमचं चालू ठेवून लंडनच्या गटाने २०११ मध्ये ती उंदरात उभी केली. दोन वर्षांनी त्यांना दिसलं, की ज्या मूळ पेशीत बदल केला ती स्वतः गाठ होत नाही, ती शेजारणींना चिथावते. मला या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर निकाल वाटतो.

*क्रे-उंदरांबद्दल एक कानमंत्र.* जनुक फक्त एकाच प्रकारच्या पेशीत काढायचं तर क्रे-लॉक्स पद्धत वापरतात : क्रे हे एन्झाइम लॉक्स नावाच्या खुणांमधला जनुकाचा तुकडा कापून टाकतं, आणि ते कुठल्या पेशींत चालू होईल हे आपण ठरवतो. पॉम्क हे एसीटीएच ज्यातून निघतं त्या प्रथिनाचं जनुक. पॉम्क-क्रे घेतला म्हणजे फक्त पिट्युटरीतल्या एसीटीएच-पेशींत जनुक गेलं, असं समजू नका. हेच पॉम्क हायपोथॅलॅमसमध्ये, भूक सांभाळणाऱ्या पेशींतही चालू असतं. उंदीर लठ्ठ झाला तर तो संप्रेरकाने, की भुकेचा काटा बिघडल्याने? सांगता येणार नाही. शिवाय पिट्युटरीतच मेलॅनोट्रोफही पॉम्क वापरतात. म्हणून क्रे हातात आला की आधी रिपोर्टर उंदराशी (क्रे चालला तिथल्याच पेशी ज्याच्यात लाल चमकतात) क्रॉस लावा आणि मेंदू, पिट्युटरी, अंडाशय, वृषण सगळं कापून बघा.

आणि टॅमॉक्सिफेन देऊन क्रे चालू करणार असाल, तर आणखी एक गोष्ट. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करतं आणि प्रोलॅक्टिन-पेशी इस्ट्रोजेनला लगेच ओ देतात. नियंत्रण-गटाला नुसतं मक्याचं तेल टोचून चालणार नाही. त्यांनाही टॅमॉक्सिफेनच द्यायचं, फक्त त्यांच्यात क्रे नसेल.

पायरी ३ : कागदपत्रं

भारतात काम करणार असाल तर दोन दारं. प्राण्यांसाठी संस्थेची नैतिकता समिती, जी सीसीएसईए या केंद्रीय समितीच्या (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सीपीसीएसईए’च) नियमांखाली चालते. आणि जनुक बदललेला जीव म्हणून संस्थेची जैवसुरक्षा समिती. उंदीर परदेशातून, म्हणजे बहुधा अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीतून किंवा युरोपातल्या साठ्यांतून येणार असेल, तर आयातीची परवानगी आणि इथे आल्यावर विलगीकरण. यात महिने जातात. त्याआधी देशात कुणाकडे तो वाण आहे का, ते विचारा. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत जनुक बदललेल्या उंदरांसाठीची राष्ट्रीय सुविधा आहे, खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्येही अशा उंदरांवर काम चालतं. एक फोन सहा महिने वाचवू शकतो.

अर्जात किती उंदीर लागतील हा रकाना असतो. तो अंदाजपंचे भरू नका. पुढची पायरी वाचून भरा.

पायरी ४ : क्रॉस लावण्याआधी पाटी-पेन्सिल

इथे सगळे घसरतात, म्हणून हिशोब करूनच दाखवते.

समजा पी-१८ आणि पी-२७ दोन्ही पूर्ण गेलेले १२ उंदीर हवेत. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, चौथ्या आणि सहाव्या. आई-बाप दोघंही दोन्ही जनुकांसाठी हेट (हेटरोझायगस, म्हणजे एक प्रत शाबूत आणि एक गेलेली) असतील, तर हवं ते पिल्लू सोळातलं एक. म्हणजे १२ गुणिले १६, एकूण १९२ पिल्लं. एका वेतात वीनिंगपर्यंत (दूध तोडेपर्यंत) सात पिल्लं तगतात असं धरलं, तर २७-२८ वेतं. आणि फक्त माद्या हव्या असतील तर याच्या दुप्पट.

आता तेच काम दुसऱ्या रीतीने. आधी एक पिढी खर्चून पी-१८ पूर्ण गेलेले पण पी-२७ हेट असलेले नर-माद्या तयार करा आणि त्यांचे आपसांत क्रॉस लावा. आता हवं ते पिल्लू चारातलं एक. ४८ पिल्लं, सात वेतं. गर्भारपण २० दिवस, वीनिंग २१ दिवसांनी, वयात यायला सहा ते आठ आठवडे. एक पिढी वाढवण्यात तीन महिने गेले तरी पिंजऱ्यांचा खर्च बघता हीच रीत परवडते.

पण यात एक मेख आहे. दुसऱ्या रीतीत दोन्ही जनुकं शाबूत असलेलं भावंड मिळतच नाही. तुमचं नियंत्रण म्हणजे पी-१८ नसलेलं, पी-२७ असलेलं भावंड. ‘पी-२७ ने काय फरक पडतो’ असा प्रश्न असेल तर हे नियंत्रण अगदी चपखल. ‘दोन्हींनी मिळून काय होतं’ असा असेल तर ते चालणार नाही. पायरी १ मधलं वाक्य भिंतीवर चिकटवून ठेवा, ते याचसाठी.

पी-२७ नसलेल्या माद्यांना पिल्लं होत नाहीत म्हणूनच धरा, तेव्हा क्रॉसमध्ये मादी हेट ठेवा. हे मला चौथ्या रिकाम्या पिंजऱ्यानंतर कळलं. पेपरात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. वरातीमागून घोडं.

नियंत्रण-उंदीर भावंडांतलेच घ्या, त्याच वयाचे, त्याच लिंगाचे. बाहेरून ‘वाइल्ड टाइप’ (जनुक न बदललेले) विकत आणून शेजारी ठेवणं म्हणजे शेजारच्या सोसायटीतली मुलं आणून आपल्या मुलांशी उंची मोजणं. म्हाताऱ्या माद्यांमध्ये पिट्युटरीच्या गाठी आपोआपही होतात. एफव्हीबी वाणाच्या माद्या तर त्यासाठी बदनामच आहेत. कुठलंही जनुक न बदलता त्यांची पिट्युटरी वाढते आणि प्रोलॅक्टिनही. भावंडं नसतील तर ही गाठ तुमच्या जनुकाच्या खात्यावर जमा होईल. त्याचप्रमाणे पिल्लं झालेल्या माद्या गाठींच्या तुकडीत घेऊ नका, गर्भारपणात आणि दूध पाजताना प्रोलॅक्टिन-पेशी तशाही वाढतात. खाद्यात सोयाबीन असेल, आणि बहुधा असतंच, तर त्यातून वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन पोटात जातं. खाद्य मधेच बदलू नका.

पायरी ५ : जीनोटायपिंग

कुठल्या पिल्लात जनुकाच्या किती प्रती आहेत ते ओळखायला कानाला पंच मारून निघालेल्या तुकड्यावर पीसीआर (जनुकाचा तुकडा वाढवून तपासण्याची चाचणी) करा, म्हणजे नंबरही झाला आणि नमुनाही. प्रत्येक जेलवर तीन साक्षीदार हवेतच : माहीत असलेला वाइल्ड टाइप, माहीत असलेला हेट आणि नुसतं पाणी. पाण्यात बँड आला तर त्या दिवशीचं सगळं रद्द. मरणाच्या वेळी शेपटीचा तुकडा घेऊन पुन्हा एकदा तपासा. कानातले टॅग पडतात, नंबर बदलतात, आणि हे आपल्याकडे होणार नाही असं प्रत्येकाला वाटतं.

पायरी ६ : गाठ वाढताना

पंचवीस ग्रॅमच्या उंदरात रक्त असतं दोन मिलिलिटरच्या आतबाहेर. एका वेळी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे दोनशे मायक्रोलिटरपेक्षा कमीच घ्यायचा आणि पुढचे दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. एवढ्याशा रक्तात काय मोजायचं ते आधी ठरवा.

वाढीचं संप्रेरक झटक्यांनी सुटतं. दहा वाजता शिखर, अर्ध्या तासाने तळ. एका नमुन्यावरून काही कळत नाही, त्यापेक्षा आयजीएफ-१ मोजा, ते संथ असतं. प्रोलॅक्टिन मादीच्या चक्राप्रमाणे हलतं आणि घाबरल्यावरही, तेव्हा योनीचा स्मिअर काढून चक्राचा दिवस नोंदवा. एसीटीएच काचेला चिकटतं. प्लॅस्टिकची नळी, ईडीटीए, बर्फ आणि लगेच सेंट्रिफ्यूज.

कॉर्टिसोलचं किट मागवू नका! उंदराची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल करत नाही, कॉर्टिकोस्टेरॉन करते. आमच्याकडे एका मुलाने माणसाचं कॉर्टिसोल किट मागवून सगळ्या उंदरांचे आकडे शून्याजवळ आल्यावर ‘मॅडम, सगळ्यांना ॲडिसन झालाय’ (अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा आजार) असं जाहीर केलं होतं. कॉर्टिकोस्टेरॉन दिवे मालवण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, कारण उंदराची सकाळ तेव्हा होते. दिवे लागल्यावर तासा-दोन तासांत घ्या, रोज त्याच वेळी. पिंजरा उचलल्यापासून तीन मिनिटांत रक्त नळीत नसेल, तर तुम्ही गाठ नव्हे, भीती मोजताय.

एमआरआय मिळत असेल तर लहान प्राण्यांसाठीच्या सात टेस्ला किंवा त्याहून मोठ्या यंत्रावर करा, गॅडोलिनियम देऊन. माणसाच्या इस्पितळातलं यंत्र तिळावर वाया जातं.

आणि रोज बघा. अगदी रोज. गाठ मोठी झाली की डोकं वरून घुमटासारखं दिसू लागतं, मान एका बाजूला कलते, उंदीर गोल फिरतो, पाठ कुबड काढते, केस विस्कटतात. वजन पंधरा-वीस टक्के उतरलं तर थांबायचं, हे अर्जात लिहून दिलेलं असतं. ते प्राण्यासाठी आहेच, शिवाय रात्री मेलेला उंदीर सकाळी सापडतो तेव्हा पिट्युटरीचा लगदा झालेला असतो. वर्षभर वाढवलेला प्राणी फुकट जातो आणि त्याच्या हालअपेष्टाही.

पायरी ७ : ग्रंथी काढणं

हे वाचून येत नाही, तरी सांगते. कवटी मागच्या भोकापासून दोन्ही बाजूंनी बारीक कात्रीने कापत पुढे या आणि टोपण उचला. मेंदू पुढून मागे उलटायचा. नाकाकडचे गोळे सोडवा, खाली दृष्टिचेता दिसतील, त्या कापा, आणि मेंदू अलगद मागे जाऊ द्या. आता कवटीचा तळ दिसतो. दोन्ही कडांना दोन पांढऱ्या जाड दोऱ्या, त्या ट्रायजेमिनल चेता. त्यांच्या मधोमध, आडवी, गुलाबीसर पट्टी आणि तिच्या मागच्या कडेला पांढुरका ठिपका. तीच पिट्युटरी. ठिपका म्हणजे मागचा खंड.

तिच्यावर एक पातळ पडदा ताणलेला असतो. पाच नंबरच्या चिमट्याच्या टोकाने तो दोन्ही बाजूंनी फाडा. मग चिमटा मिटवून, पकडायचं नाही, खालून सरकवून ग्रंथी उचला, भाकरी तव्यावरून उलथण्याने उचलतो तशी. पकडलीत की संपलं, स्लाइडवर पेशींचा चिखल दिसेल.

गाठ असलेली ग्रंथी मात्र वेगळीच वागते. ती गडद लाल, रक्ताने भरलेली असते आणि वर मेंदूला चिकटते. मी पहिल्यांदा मेंदू नेहमीसारखा उलटला आणि अर्धी गाठ त्याच्याबरोबर निघून आली. मोठ्या गाठीला हात लावू नका. टोपण काढून मेंदूसकट कवटीचा तळ फॉर्मॅलिनमध्ये टाका, नंतर ईडीटीएमध्ये हाड मऊ करून सगळं एकत्र कापा. छोट्या ग्रंथीलाही रात्रभर तळावरच फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं तर ती घट्ट होते आणि सकाळी सहज सुटते. ब्लॉक करण्याआधी ती दोन टक्के ॲगरोजच्या थेंबात बसवा आणि इओसिनचा एक टिपका लावा. नाहीतर कॅसेटच्या जाळीतून तीळ कुठे गेला, ते शोधत बसाल. काप आडवे घ्या, तिन्ही खंड एका स्लाइडवर येतील असे.

पायरी ८ : स्लाइड वाचणं

पहिला प्रश्न : ही गाठ आहे की नुसती वाढ? नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर हे ठरत नाही. रेटिक्युलिनचा रंग द्या. निरोगी ग्रंथीत काळ्या बारीक धाग्यांची जाळी पेशींच्या छोट्या पुंजक्यांना वेढून असते. नुसती वाढ असेल तर पुंजके फुगतात, जाळी ताणते, पण तुटत नाही. गाठीत जाळी मोडलेली असते. जीएचआरएचच्या उंदरांचे निरनिराळ्या वयांचे काप शेजारी ठेवले, की एकाच आठवड्यात नजर बसते.

दुसरा प्रश्न : कुठल्या पेशीची? संप्रेरकांच्या अँटिबॉडीबरोबर पेशीचं कूळ सांगणारे घटकही रंगवा. पिट-१ म्हणजे वाढ-प्रोलॅक्टिन-टीएसएचचं घराणं, एसएफ-१ म्हणजे बीजग्रंथींचं, टीपिट म्हणजे पॉम्कचं.

आता सापळा. आरबी किंवा पी-२७ च्या उंदराची गाठ घ्या. टीपिट आहे. एसीटीएचची अँटिबॉडी लावली, तीही रंगली. मुलगा धावत येतो, कुशिंग मिळालं म्हणून. थांबा. मधल्या खंडातल्या पेशीही पॉम्क हेच मोठं प्रथिन बनवतात. एसीटीएच त्यातच दडलेलं असतं. फक्त तिथे पीसी-२ नावाचं एन्झाइम ते आणखी कापून अल्फा-एमएसएच करतं. अँटिबॉडी न कापलेल्या प्रथिनाला किंवा उरलेल्या तुकड्याला धरू शकते. टीपिटही दोन्ही पेशींत असतोच. उत्तर देतो पॅक्स-७. तो मेलॅनोट्रोफमध्ये असतो, पुढच्या खंडातल्या एसीटीएच-पेशीत नाही. पॅक्स-७ रंगला, पीसी-२ रंगलं, तर गाठ मधल्या खंडाची. सोबत कॉर्टिकोस्टेरॉनचा आकडा ठेवा आणि अधिवृक्क ग्रंथींचं वजन ठेवा. ते वाढलेलं नसेल तर कुशिंग म्हणण्याचा हट्ट सोडा.

की-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण) मोजताना ‘सर्वांत जास्त रंगलेली जागा’ शोधून मोजू नका, जागा आधी ठरवा आणि उंदराचं जीनोटाइप झाकून मोजा. मोजणारा दुसरा असेल तर अधिक बरं. किती उंदरांना गाठ झाली याबरोबर कुठल्या वयात झाली तेही मांडा, कारण वर्षाअखेर सगळ्यांनाच होणार असेल, तर खरी गोष्ट उशीर किती झाला यातच असते.

पायरी ९ : नंबर

प्रत्येक उंदरामागे रक्ताचा पातळ भाग, शेपटी, गोठवलेला तुकडा आणि ब्लॉक, चारही गोष्टींवर एकच नंबर, आणि तो नंबर वहीतही. कॅसेटवर आणि स्लाइडच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई झायलीनमध्ये धुऊन जाते. माझ्या खणात अजून एक स्लाइड आहे. तिच्यावर मी आजवर पाहिलेली सर्वांत मोठी गाठ आहे, जाळी पूर्ण मोडलेली, कडेला निरोगी पुढचा खंड जानव्यासारखा ताणलेला. काचेच्या टोकाला निळसर डाग आहे, आणि तो उंदीर कोणता होता ते मला आजही सांगता येत नाही.